तिसरी फळी

कागदावर सगळं सात मिनिटांत बसत होतं.
गोपिकानं वहीत बावीस चौकटी आखल्या,
प्रत्येकीत काडीचा माणूस आणि एक दार.
माणूस दार उघडतो. पाणी जातं. माणूस दार लावतो.
बाविसाव्या चौकटीत सूर्य, शेजारी प्रश्नचिन्ह.

मानस म्हणजे आमच्याकडे मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार.
आजोशीच्या खाजनात ते इनास सांभाळतो,
खारं पाणी भातात शिरू नये एवढंच त्याचं काम.

कॅमेरा म्हापशाच्या एका लग्नवाल्याचा,
रविवारी मुहूर्त नव्हता म्हणून मिळालेला.
माइक माझ्या हाती, आंबे काढायच्या काठीला बांधून.
जाळी सोडून ठेवली, तरी तळव्यांना चीक लागतच राहिला.

फ्लावियाचं वेळापत्रक सुबक होतं:
साडेसहाला चहा, सातला पहिला शॉट.
इनासनं कागद उलटा धरून पाहिला,
मग खाडीकडे पाहिलं.
ओहोटी नवाला, म्हणाला. काल सव्वाआठाला होती.
आम्ही बांधावर बसलो, पाव संपवले,
दत्तेशनं खेकड्यांच्या बिळांचे अकरा शॉट घेतले.

दार उघडलं तेव्हा पाणी डावीकडून निघालं.
आम्ही उजवीकडे धरून बसलो होतो.
कट! गोपिका ओरडली. माम, दार लावा, परत एकदा उघडा.
इनास तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, रागानं नव्हे.
"उदकाक सांग," म्हणाला, "म्हाका कित्याक सांगता?"

सामान आवरल्यावर माझं काम उरलं.
जागेची शांतता घ्यायची असते, चाळीस सेकंद.
कापाकापीत ठिगळाला लागते, असं सरांनी बजावलेलं.
उभे राहा सगळे, चपलासुद्धा हलवू नका.
"कितें घेता गो?"
काही नाही, म्हटलं. काही नसल्याचा आवाज.
त्यानं टोपी काढली
आणि मयताला उभं राहतात तसा उभा राहिला.

बगळा.
पुलावरून जाणारा ट्रक.
फ्लावियाचं पोट.
बत्तिसाव्या सेकंदाला इनास बोलला:
"तिसरें फळें गळटा."
शांतता वाया गेली. तो मात्र केव्हाच
कमरेएवढ्या चिखलात उतरला होता, हातात गवताचा बोळा.
कॅमेरा पिशवीत, बॅटरी मेलेली,
त्या दिवशीचं एकमेव घडलेलं
कुणीच टिपलं नाही.

नंतर ताळगावात, मावसभावाच्या खोलीत,
लॅपटॉपच्या पंख्याची घरघर.
सिनेमा एकोणीस मिनिटांचा भरला.
सूर्य कापला. खेकडे कापले,
दत्तेश दोन दिवस बोलला नाही.
गोपिकानं आपला लाडका शॉट स्वतःच काढला
आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.
कापलं की आवाजात खड्डा पडतो.
मी त्यात ती शांतता भरत गेले,
आहे तेवढीच, बत्तीस सेकंद, पुन्हा पुन्हा,
जुन्या साडीची गोधडी शिवावी तशी.

तिसऱ्या रात्री हेडफोन घट्ट दाबून ऐकलं.
बगळा, ट्रक,
आणि खाली, फार खाली, एक बारीक पाझर.
माझ्या काठीला तो आधीपासून ऐकू येत होता,
मलाच नाही.
आता तो सगळ्या सिनेमाभर गळतोय:
दार उघडं असताना, बंद असताना,
इनास घरी पेज जेवत असतानासुद्धा.
काढून टाकू का, विचारलं.
गोपिका म्हणाली, झोप आता.

सहा मिनिटं बावन्न सेकंद.
बांधावर, भर उन्हात, फोनवर इनासला दाखवला.
पडद्यावर त्याचंच तोंड चकाकत होतं, बाकी काही दिसेना.
त्यानं फोन कानाला लावला,
कुणाचा तरी कॉल आल्यासारखा,
आणि शेवटपर्यंत ऐकला.

"तें हांवें त्याच दिसा बुजयलें," म्हणाला, जरा दुखावून.
हो माम, माहीत आहे.
फोन परत दिला,
हात लुंगीला पुसले,
आणि तरी जाताना एकदा
वाकून बघून आला.