एकच पार्किंग

टिपणीसांना कोलशेतला सत्ताविसाव्या मजल्यावर घर मिळालं,
खाली पार्किंग एकच.
म्हणून रविवारी पहाटे पाचला दोन्ही गाड्या
वागळे इस्टेटमध्ये, माझ्या शटरसमोर.
"कुंदा, तूच सांग, कुठली ठेवू?"
जणू मी मुलीकडची मामी.

जुनी सदुसष्टची. बाटलीसारखी हिरवी,
डाव्या मडगार्डवर माझ्या हातची पुट्टी,
ती फक्त मलाच दिसते.
नवी गेल्या श्रावणातली, विजेवरची, लाल.
दोघींच्या नाकावर आठ कोनांचा तोच बिल्ला.
भाऊबंदच म्हणा:
आडनाव एक, जाणं-येणं नाही.

जुनीची आधी मनधरणी.
चोक दोन बोटं बाहेर,
पाय पेडलपासून लांब,
ती खोकते, थुंकते, गप्प होते,
मग एकदम शटरचे पत्रे थरथरतात
आणि शेजारच्या लेथवाल्याचं कुत्रं
न भुंकता उठून
दोन गाळे पलीकडे जाऊन झोपतं.

नवीला किल्ली फिरवायची नसते.
दारं वरच्या वर उघडतात,
आणि चालू झाली की नाही
हे पडद्यावर वाचून घ्यायचं.

डाबरे उस्ताद चरईतून रिक्षानं आले.
जेरोम डाबरे, वय एकोणऐंशी.
ह्यांनी मला शिकवलं:
दोन कार्बोरेटर, हातभर रबरी नळी,
एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानात.
आधी पुढचा ऐक. मग मागचा.
"दोघांचा श्वास सारखा लागला पाहिजे, पोरी.
जास्त घेतो तो हावरा, कमी घेतो तो कामचोर."
ते कान आता गेले.
उजव्यात मशीन, डाव्यात
तेही घालून उपयोग नाही.

जाताना जुनी. मी चालवते, उस्ताद शेजारी,
मागे टिपणीस लाल घेऊन, आवाजाशिवाय.
माजिवडा, कापूरबावडी, मेट्रोचे खांब.
काटा पन्नासवर, वाटतात नव्वद.
बूड रस्त्यापासून वीतभर,
खड्डा आधी मणक्याला कळतो, मग डोळ्याला.
मानपाड्याला तेलाचा वास,
पातलीपाड्याला जरा जास्तच.
मागचा कार्बोरेटर हावरेपणा करत होता,
मला स्वच्छ ऐकू येत होतं.
मी वाट बघितली.
उस्ताद खांब मोजत बसले होते.

गायमुखला खाडीवर धुकं, टपरी बंद.
गाड्या बदलल्या.

परतीला मी नवीच्या पेडलवर पाय टेकवला.
एक, दोन,
तीनला पोट गायमुखलाच राहिलं
आणि आम्ही बरेच पुढे.
वास नाही, थरथर नाही.
शेजारून मात्र काहीतरी वाजू लागलं:
उस्ताद हसत होते,
एका हातानं कवळी सांभाळत.
"पुन्हा कर," म्हणाले.
पुन्हा केलं.
कासारवडवलीच्या सिग्नलला म्हणाले,
"हिच्यात ऐकण्यासारखं काही नाहीच, कुंदा.
हिच्यात तू आणि मी सारखे."

टिपणीसांनी त्यांना विचारलं तेव्हा
प्रश्न संपायच्या आत: "लाल."

मला विचाराल तर लालच चांगली.
सांगितलं तिथे थांबते,
छपरातून गळत नाही,
वर्षातून एकदा दाखवायला न्याल,
आणि तेही माझ्याकडे नाही.
हिरवीनं मला गेल्या अकरा वर्षांत
तीन दिवाळ्या गाडीखाली घालवायला लावल्या,
एकदा अंगठ्याचं नख नेलं.

तरी हिरवी.

कारण विचारू नका, टिपणीस.
लाल ठेवा तुमच्या खांबाला टेकून,
हिला इथेच राहू दे, शटरच्या आत,
भाड्याचं बघू नंतर.
लेथवाल्याला मी सांगते. कुत्र्याला सवय आहे.

उस्ताद रिक्षात बसले, हात केला.
मी बॉनेट उचललं.
अजून गरम होतं.
खिळ्यावरची नळी काढली, कानाला लावली,
मागच्याचा स्क्रू
पाव फेरी.