टेलचं पाणी

जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याला
समोरून एक झाडांची भिंत आहे.
सोळा ओळी, ओळीला साठ खिसे,
खिशात मूठभर कोकोपीट, त्यात नेचे, सिंगोनियम,
आणि जांभळं काहीतरी, ज्याचं नाव मलाही नीट येत नाही.
महिन्याला अकरा हजारांवर
मी तिला जिवंत ठेवतो.

पाणी बोअरचं.
ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही
त्यात ड्रिपरचं केसाएवढं भोक किती दिवस उघडं राहणार?
दर अमावस्येच्या आसपास ते काढतो,
ॲसिडच्या बादलीत टाकतो.
पांढरा फेस येतो, आणि बादली
जरा वेळ कुजबुजत राहते.

माझा बाप, मुंजाजी, कालव्यावर पाटकरी होता,
पाथरीच्या पुढं, अशा एका चारीवर
जिच्यात नकाशावर पाणी होतं.
सायकल, कंदील, गेटची किल्ली करदोट्याला.
हेडच्या उसात बेडकं पोहायची
आणि टेलच्या भेगांत आमच्या गोट्या हरवायच्या.
सात नंबरचे अर्ज त्याच्या पिशवीत, घडी पडून मऊ झालेले.
रात्री दोनला सोडलेलं पाणी
उजाडेपर्यंत मधल्यामधे कुणीतरी पिऊन टाकायचं.
शिव्या तेवढ्या टेलवरून
न चुकता वर यायच्या.

इथं सगळं उलटं.
सहा, दहा, दोन, पाच. कंट्रोलर पाळी सोडतो,
तीन मिनिटं. ना अर्ज, ना थकबाकी.
पंप थांबला की नळ्यांतलं उरलंसुरलं खाली उतरतं,
सोळावी ओळ भिजून भिजून सडते
आणि वरची पहिली करपते.
डावा कोपरा तीनदा लावला. तीनदा गेला.
बाई म्हणाल्या, तेवढी ओळ प्लास्टिकची लावा ना,
कुणाला कळतंय इथं, सगळे डोळे दाखवायलाच येतात.
मी हो म्हणालो नाही.
नाही म्हणायचंही राहून गेलं.

फेब्रुवारीत बापाचा मोतीबिंदू काढला.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्यात अजून ताकाचं पाणी.
गफारभाई वॉचमननं दंडाला धरून त्याला भिंतीशी बसवलं.
दोनची पाळी सुटली.
त्यानं मान तिरकी केली, भिंतीला कान लावला,
नेच्याचं पान गालावर, तसाच बसून राहिला.
मग म्हणाला,
"पाणी न्हाई लेका. वर वारं चाललंय."

मी शिडी लावली. टोकाची टोपी फिरवली.
आधी फुस्स. मग खाकरणं. मग तांबूस गाळ, मग
पाणी, माझ्या बाहीतून काखेत, काखेतून थेट चपलेत.
चार वर्षं मी भोकं धूत होतो.

उतरलो तर बाप खालच्या पन्हाळीत बोटं घालून बसलेला.
"ह्ये कुठं जातं?"
टाकीत. टाकीतून पंपात. पंपातून परत वर.
"टेलचं पाणी? हेडला?"
दोनदा सांगावं लागलं.
मग तो हसायला लागला. डोळ्यावर ताण देऊ नका
असं डॉक्टरांनी बजावलेलं,
तर पट्टी तळहातानं दाबून धरून हसत राहिला,
खांदे हलत होते.
"आमच्या सेक्शनच्या सायबाला दावाया पायजे होतं,"
म्हणाला, आणि साहेबाचं नाव आठवत बसला. आठवलं नाही.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
फिरून फिरून ते पाणी खारं होतं.
पंधराव्या दिवशी टाकी उपसावी लागते,
नाहीतर पानांच्या कडा जळतात.
ते पाणी मी बादलीनं नेतो
पार्किंगमागच्या लिंबाला,
जो कुठल्याच ओळीत नाही, कंत्राटातही नाही,
आणि खारं म्हणून कुरकुरतही नाही.

सोळा तारखेला दुसरा डोळा.
मग त्याला दिसेलच.