दुप्पट साखर

तीन आठवडे आमच्यात अबोला होता.
कारण आता नीट आठवत नाही,
तिच्या बहिणीचं लग्न, किंवा माझी जीभ.

बिअर मात्र कुणासाठी थांबत नाही.
जिन्याखालच्या कपाटातल्या बुधल्याचे बुडबुडे निवले,
बाटल्या भरायची वेळ झाली.
दुपारी मी साखर उकळून ओतली, मोजून.
मी क्लबात गेलो, आणि नेरिसनंही ओतली,
तीही मोजूनच. ती अंदाजपंचे काही करत नाही.
'घातली' एवढाच शब्द पुरला असता,
पण आधी बोलायचं कुणी?

रात्री मुकाट्यानं बाटल्या भरल्या.
ती बुचं ठोकत होती, मी पुसत होतो,
कोपराला कोपर लागू न देता.

सहाव्या रात्री, तीनच्या सुमारास
पहिली फुटली.
मग दुसरी.
मग मोजणं सोडलं.
सासऱ्यांचा मयतीला घालायचा कोट,
नाताळचे दिवे, गॅसचं मीटर,
सगळ्यांना सारखाच अभिषेक.
ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यात घरांच्या भिंती पातळ;
पलीकडून म्हातारा एमलिन ओरडला,
"खाण बसली का रे?"

ती रजईत गुंडाळलेली,
मी पातेल्याचं झाकण ढालीसारखं धरून, अनवाणी.
"साखर तू घातलीस?"
"घातली. तू?"
आत आणखी एक फुटली.

चाळिसातली एक धड निघाली.
ती बागेत आहे, बादलीखाली, वर वीट.
उघडायला दोघंही धजत नाही.
सकाळी चहा टाकताना नेरिस विचारते,
"आहे ना अजून?"
मी खिडकीतून बघतो, आणि सांगतो.