खिडकी कुठल्या बाजूला

कॅराव्हॅन नंबर एक्केचाळीस. आम्ही चौघं,
एक शेगडी, एक न लागणारा टीव्ही,
आणि हेरफर्डशायरचा वारा
रात्रभर प्लास्टिकच्या बोगद्यांवर हात आपटत.

तोक्तोसून किरगिझ, नारीनकडचा. रशियन बोलायचा.
ताजिक फिरूझ ते मला हिंदीत सांगायचा.
हिंदी त्याने सिनेमांतून उचललेली,
त्यामुळे तोक्तोसूनच्या तोंडी नको तिथे 'कसम से' यायचं.
मी दाङचा थारू. मी ते हातवारे करून
लोंबोकच्या सुहार्दीला पोचवायचो.
इतक्या जणांकडून फिरून आलेली गोष्ट
कोमट झालेली असायची,
पण यायची.

गोष्ट एकाच घराची.
बंकच्या डोक्याशी, प्लायवूडच्या भिंतीवर
त्याने ते सुताराच्या पेन्सिलीने काढलं होतं.
जाड मातीच्या भिंती. पूर्वेला खिडकी,
तिच्यातून घोडी दिसणार.
चुलीशी एक जागा, तिथे बायको बसणार.
किती घोड्या, सुहार्दीने बोटांनी विचारलं.
एकच. मळक्या रंगाची. डाव्या कानाला चीर.

हळूहळू आम्हीही तिथे राहायला गेलो.
सुहार्दीला पडवी हवी होती,
बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता.
फिरूझने अंगणात तुतीचं झाड मागितलं.
मी म्हटलं, आईच्या ढिकीला एक कोपरा,
भात कांडताना तिचा पाय भिंतीला लागू नये एवढा.
तोक्तोसून आधी गप्प राहायचा,
मग पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून
काढायचा.

दिवसा रास्पबेरी.
ती ओढायची नाही. पिकली असेल तर
आपण होऊन बोटांत उतरते,
गाभा फांदीवरच ठेवून, पोकळ.
सुपरवायझर वेसेलिना मागून म्हणायची, क्विक, क्विक.
तिलाही तो शब्द कुणीतरी असाच
मागून शिकवला असावा.

संध्याकाळी ऑफिसच्या दारावर यादी.
नावं नाहीत, नंबर आणि तासाचे किलो.
तोक्तोसूनचा अंगठा फाटला होता,
तीन दिवस तो लाल अक्षरांत होता.
चौथ्या दिवशी मिनीबस आली.
आम्ही सतराव्या बोगद्यात होतो.

बंकवर घडी केलेली गादी,
अर्धा पुडा चहा, पेन्सिल.

सुहार्दीने भिंतीकडे बोट केलं:
आता हे कधी बांधणार तो?
फिरूझ खूप वेळ एकच बूट काढत बसला.
म्हणाला, बांधणार नाही. बांधलेलं होतं.
तो 'होतं' म्हणायचा.
घोडी दिसायची. बायको बसायची.
मीच त्या 'होतं'चं 'होणार' करत होतो.
दिवसभर किलो ऐकून आल्यावर
कसम से, कोण ऐकणार ते?

मला घोडीचा कान आठवला.
अजून न घेतलेल्या घोडीचा कान
कोण कशाला चिरेल?
आणि आम्ही पडवी मागितली, तुती मागितली,
त्या मोडलेल्या घरात आमचं सामान लावत सुटलो,
तेव्हा पेन्सिल ओली करताना त्याला काय वाटलं असेल,
हे विचारायला आता फोन लागत नव्हता.

सुहार्दी माझ्या हातांकडे बघत होता.
घडून गेलेलं कसं दाखवायचं?
मी हात खांद्यावरून मागे नेला, दूर, मागे.
त्याला वाटलं, परत गेला. घरी. बांधायला.
त्याचा चेहरा उजळला.
मी हात खाली घेतला.

सोमवारी त्या बंकवर नवा मुलगा आला, ओशचा,
मिसरूडही धड न फुटलेला.
भिंतीवरच्या खिडकीवर बोट ठेवून
त्याने मान हलवली, वारा घुसेल अशी खूण केली,
आणि अंगठ्याने ती पुसायला लागला.

सुहार्दीने त्याचं मनगट धरलं.
रागाने नाही.
नुसतं धरून ठेवलं.