चौदा नंबर

धेरंडच्या बांधावर हसुराममामा आणि मी.
उधाणाची भरती अजून दोन तासांवर.
पलीकडे खाडी फुगतेय, अलीकडे भात पोटरीत आलंय,
मध्ये चिखलाची ही भिंत, तेवढीच.

"काय करतंस गो तू मुंबयला?"
उंदीर सांभाळते, मामा.
त्यांच्या मेंदूत गाठ रुजवतो आम्ही,
मग तिच्यावर औषध देतो.
"आपनच रुजवता, नि आपनच मारता?"
हो.
तो हसत नाही.

मेंदूला स्वतःचा बांध असतो, मी सांगते.
साखर आत घेतो, प्राणवायू घेतो,
अनोळखी कुणाला घेत नाही.
विष नाही, म्हणून औषधही नाही.
शिरेतून कितीही भरा:
केस जातात, तोंड सोलतं,
गाठ बांधाआड सुखरूप, पोटरीत येत.

मामा तंबाखू मळायचा थांबतो.
चांगुणामामीला सात बाटल्या चढवल्या होत्या
परळला, मी चौथीत असताना.
शेवटी शेवटी ती त्याला भावजी म्हणायची
आणि पदर सावरून बसायची.

"खाडीभर खत वतून," तो हळूच म्हणतो,
"वाफ्यात काय येनार?"

हेच, मामा.
हेच सांगायला आमच्या सरांना अठरा पानं लागली.
म्हणून आता कवटीला भोक पाडून
गाठीच्याच जागी ठेवतो एक चकती,
मसुराच्या डाळीएवढी.
ती सावकाश विरघळते,
औषध तिथल्या तिथे झिरपतं.
"किती लांब?"
दोन-तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याचं निम्मं.
त्यापुढं अजून जमत नाही.

मामा वाकतो. बांधाच्या कुशीत चिंबोरीचं भोक.
"खांड जाते ती हितनं. वरनं नाय कधी."
कोपरापर्यंत हात घालतो, चाचपतो,
चिखलाचा गोळा आत ठोसतो.
तोंड माझ्याकडे नाही.
"जगला का त्यातला एखादा?"

चौदा नंबर.
बाकीचे सतरा दिवसांत गेले, तो जगला,
मी म्हणते, आणि तिथंच थांबते.
एकोणचाळिसावा दिवस वहीत आहे,
बांधावर नको.

"नाव नाय ठेवलं त्याला?"
नाही ठेवत आम्ही.

रेवसच्या धक्क्यावर त्यानं पिशवी हातात दिली:
"खाऱ्यातला राता हाय. चौदाला घाल."

लाँच सुटल्यावर
एक लाल दाणा नखावर ठेवून पाहिला.
याचं निम्मं.