आवक क्रमांक ४१७

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
आडनाईक भाऊसाहेबांनी माझ्या गाडीची किल्ली
अलगद काढून घेतली आणि म्हणाले,
"लई शानी झालीयास.
पावती पायजे व्हय तुला?
फायनलचं हॉलतिकीट कोण देतंय ते बघतो मी."

किल्ली त्यांच्या बोटात फिरत होती,
आईनं बांधलेला लाल दोरा
तिच्यामागं गरगर.

दोनशे रुपये. तेवढ्याचीच गोष्ट.
स्कॉलरशिपच्या फॉर्मामागं दोनशे,
चौसष्ट जणींचे,
आणि पावती एकीलाही नाही.
मी विचारली होती,
एसटीत तिकीट मागतात तशी,
हात पुढं करून.

खोटं कशाला सांगू, पाय कापत होते.
मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.
निलोफर नदाफ दाराबाहेर उभी होती,
आतल्या प्रत्येक हुंदक्याला
"हं" म्हणत.

राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री सभा भरली.
एक म्हणाली, माझा भाऊ तालमीत जातोय,
चार पोरं आणू?
एक म्हणाली, चार महिनं राहिल्यात, गप बस की.
दोन्ही बोलणी मायेचीच होती.
माझ्या घशाखाली
एकही उतरलं नाही.

आबाला फोन लावला.
घर नेसरीला, पण आबा गुळव्या,
हंगामभर चिखलीच्या गुऱ्हाळावरच झोपतो.
मागं काहील रटरटत होती.
सांगितलं काहीच नाही, नुसतं विचारलं,
काहील उतरायची वेळ कशी कळते रे तुला?
म्हणाला, "गडबड केली तर गूळ बसत न्हाई,
उशीर केला तर करपतोय.
पाकाची गोळी गार पाण्यात टाकायची,
मग ताटावर आपटायची.
टण्ण वाजली की उतरायचं."
थोडं थांबला.
"काय झालंय का गं?"
"न्हाई," म्हटलं. "अजून वाजली न्हाई."

पहिल्या कागदावर शिव्याच आल्या.
दुसऱ्यावर "कृपया" सात वेळा;
मीच मोजले आणि फाडला.
तिसऱ्यावर तारीख. वेळ, दुपारी चार वाजून दहा.
जागा, सायकल स्टँड, उत्तरेकडचा खांब.
किल्ली किती मिनिटं त्यांच्या हातात.
आणि "लई शानी" तसंच ठेवलं, अवतरणात,
माझ्या अंगाला लागलं होतं तसं.
खाली सही: शिवलीला दत्तू रेडेकर.
टाकाळ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं दोन प्रती काढल्या,
वाचल्या,
आणि पैसे घेतले नाहीत.

आमच्या कॉलेजात आवकची खिडकी एकच.
खिडकीमागं आडनाईक भाऊसाहेब.

त्यांनी चष्मा चढवला.
पहिल्या ओळीला भुवई.
तिसऱ्या ओळीला पंखा सुद्धा ऐकू यायला लागला.
मग त्यांनी लाल पेन उचललं.
वाटलं, फाडतायत.
त्यांनी "धमकि" ची पहिली वेलांटी खोडली
आणि दुसरी काढली, सुबक, वळणदार,
बावीस वर्षांच्या सवयीनं.

कुठला शब्द आपण दुरुस्त केला
हे त्यांना जरा उशिरा कळलं.
पेन तसंच हवेत.

"शिक्का," मी म्हटलं. "माझ्या प्रतीवर पण."
आवाज माझाच होता, थोडा चिरका.
पाय आजही कापतच होते,
पण खिडकीतून फक्त छातीपर्यंतच दिसतं माणूस.

पॅड वाळलेलं.
दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा उमटलं.
आवक क्रमांक ४१७, जांभळ्या शाईत, जरा तिरका.

हॉलतिकिटाचं काय होईल, माहीत नाही.
प्राचार्य परगावी आहेत म्हणे,
सोमवारी येतील, किंवा मंगळवारी.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही.
रजिस्टरचं पान उलटलं, आणि तोंडातून
रोजचाच शब्द निघाला:
"पुढची?"

निलोफर पुढं झाली.
तिच्या कागदावरची वेलांटी
मी आधीच तपासली होती.