प्रति,

खानापूरच्या कचेरीसमोर, फणसाखाली
माझं टेबल आहे. एक पाय आखूड,
त्याखाली दुमडून ठेवलेली जुनी मतदारयादी.
उताऱ्यात चुकलेलं नाव, अडकलेली पेन्शन,
शाळेत पोराचं वाढवून सांगितलेलं वय,
सगळं दोन भाषांत टाइप करतो. पानाला तीस रुपये.

परवा इनासमावशी सिद्दी आली
नागरगाळीकडच्या रानातून, पहिल्या गाडीनं.
म्हणाली, लिव. माफी पायजे.
कुणाची?
सरकारची.
कुठल्या?
इथं ती अडली नाही, मीच अडलो.

पोर्तुगालचं पैलं. मग गोव्याचं.
मग त्या राणीचं, आमी लपलो ते रान
जिनं राखीव केलं.
मग आपलं बी घाल,
राखीव अजून हाय.

मी 'प्रति' टाइप केलं, स्वल्पविराम दिला.
तो तसाच बसून राहिला
साहेब नसलेल्या दारावरच्या शिपायासारखा.

विषय?
पणजीच्या पणजीला पणजीत विकलं, त्याबाबत.
मी दोनदा खोडलं. म्हटलं, वाचणाऱ्याला
कोटी वाटेल.
तिला वाटली नव्हती.

पुरावा?
तिनं एक शब्द सांगितला.
हिरियारुच्या पूजेला नारळासमोर म्हणतात,
अर्थ घरात कुणालाच ठाऊक नाही.
मी तो देवनागरीत लिहिला, कन्नडात लिहिला,
दोन्हीकडं वाकडाच उमटला.
बाईचं नाव असेल.
किंवा नुसतं 'पाणी'.
त्यांच्या वहीत असंल, ती म्हणाली,
तेवढा अर्थ परत करा म्हणून लिव.

आणि पैसे?
पैसे बी. का नको? फुकट राबली न्हवं ती?
आजची हजेरी लाव.
मी लावली. बावीस वर्षं, तीनशे पासष्ट दिवस,
(रविवारी सुट्टी होती का? कोण सांगणार)
त्यावर दोनशे वर्षांचं व्याज.
कॅल्क्युलेटर थोडा वेळ गप्प झाला
आणि त्यावर नुसता इंग्रजी ई उरला.

मी म्हटलं, मावशी, आमचाही एक अर्ज
सीमेचा, बापाच्या सहीचा, अजून पडून आहे.
ती चहाचा ग्लास पुसत म्हणाली,
व्हय रे. पण तुमी तुमच्या गावातच हाय न्हवं?

मग मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं,
अर्ज जरा मऊ व्हावा म्हणून:
'घाट चढून पळून आलेल्यांना
इथल्या लोकांनी आसरा दिला.'
वाचून दाखवलं.
आसऱ्यावर तिनं बोट ठेवलं. खोड.
पोटावारी राबवलं. देसायाच्या गोठ्यात.
तुझा आजा लिवत व्हता की तिथं.

घरी माळ्यावर आजोबांच्या वह्या आहेत.
मोडी मला येत नाही.
दर दिवाळीला आम्ही त्यांत डांबरगोळ्या टाकतो
आणि झाकण लावतो.

'प्रति'च्या खाली अजून एक ओळ मावली असती.
ती काही बोलली नाही.
मीही टाइप केली नाही.

दोन पानं झाली. साठ रुपये.
तिनं कनवटीच्या प्लास्टिकच्या पिशवीतून
दहा-दहाच्या नोटा काढून मोजल्या.
मी घेतल्या.
पावती दे.

वीस वर्षांत मी कुणाला पावती दिलेली नाही.
साठ रुपयांना पावती कशाला, मावशी?
दिली व्हती एकदा कुणीतरी, ती म्हणाली,
माणूस मोजून घेऊन.
तीच धुंडतोय न्हवं आपण?

वहीचं पान फाडलं.
'इनास जुजे सिद्दी यांजकडून
रुपये साठ मिळाले.'
खाली नेहमीची सही, एक वेलांटी आणि फराटा.
तिनं कागद उजेडाला धरला.
हे कोण म्हणायचं? पुरं नाव लिव.
आडनावासकट.